कडवं संपेपर्यंत

आमच्या खोऱ्यात माझ्या लहानपणी कुणाच्याच घराला तळघर नव्हतं. म्हणजे होतं सगळ्यांच्याच, पण शाळेत कुणी विचारलं की आम्ही पोरं एका सुरात सांगायचो, "आमच्याकडे तळघर नाही." आमच्या बाईही याच खोऱ्यातल्या. त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या मुलाकडे वळायच्या. त्यांच्या घराखालूनही तीच घरघर येते हे आम्हाला माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांना.

घरघर दिव्यांना वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या पेट्यांची. मोठाले सोडियमचे दिवे खाली तळघरात, आणि माझी खाट बरोबर त्यांच्या डोक्यावर. फळ्यांच्या फटींतून पिवळ्या उजेडाच्या बारीक रेघा वर यायच्या आणि ती घरघर खाटेच्या पायांतून थेट माझ्या कानात. त्या आवाजावर मी झोपायला शिकले. आजही माझी ग्रूशा झोपेना झाली की मी तिला मांडीवर घेऊन तोंड मिटून त्याच एका सुरात गुणगुणते. गाणं नाही, चाल नाही, नुसती पेटीची घरघर. दुसऱ्या कशालाही न बधणारी पोर तेवढ्यानं डोळे मिटते. तिचा बाप म्हणतो, "ही ट्रान्सफॉर्मरची नात आहे."

तळघरात माझे आईबाप गांजाची झाडं वाढवायचे. खोऱ्यातले निम्मे लोक तेच करायचे. सॉ मिल बंद पडली होती, बर्फ पाच महिने, आणि इथले लोक शेताभाताच्या बाबतीत चिवट. फोनवर झाडांना टोमॅटो म्हणायचे. भर जानेवारीत, कमरेएवढं बर्फ पडलेलं असताना, पापा गंभीर चेहऱ्यानं फोनवर सांगायचा, "यंदा टोमॅटो बरे आलेत."

हिवाळ्यात अख्ख्या घरात उबदार खोली ती एकच. त्यामुळे आईनं दिव्यांच्या वर एक दोरी बांधली होती. तिच्यावर आमचे मोजे, हातमोजे, टोप्या वाळायच्या. वाळून कडक व्हायच्या, पण त्यांना वास लागायचा. तसा वास घेऊन शाळेत जायचं नाही, म्हणून आई ते पुन्हा बाहेर ओसरीत वाऱ्यावर टांगायची आणि ते पुन्हा गोठायचे. मग पापा विचारायचा, "पारान्या, यात आपण नेमकं काय साधलं?"

"वास गेला ना? मग झालं तर," आई म्हणायची.

आम्ही दुखोबोर. हातात बंदूक धरायची नाही म्हणून आमचे पणजोबा-खापरपणजोबा रशिया सोडून कॅनडात आले. येताना सामान फारसं आणलं नाही, गाणी आणली. प्रार्थनेची गाणी, वाद्याशिवाय म्हणायची, इतक्या संथ चालीची की एका कडव्यात चहा निवतो. त्या गाण्यांचा आईनं तळघरात उपयोग करून घेतला. दिवा शेंड्यांपासून किती उंच हवा हे तिनं कधी पट्टीनं मोजलं नाही. शेंड्याच्या उंचीवर हाताची मागची बाजू धरायची आणि एक कडवं म्हणायचं. कडवं संपायच्या आत हात भाजला, तर झाडही भाजतंय, दिवा साखळीच्या एका कडीनं वर. कडवं आरामात संपलं, तर एका कडीनं खाली. पुढे पापाही तसंच करू लागला, मग त्याचे मित्र, मग निम्मं खोरं. फक्त पापा फार भराभर म्हणायचा.

"देवाचं गाणं आहे, वास्या. तुला कुठे बस पकडायचीय का?"

"हात माझा भाजतोय, देवाचा नाही."

हे संवाद मी फळ्यांच्या फटींतून ऐकलेले आहेत.

मी जन्मले त्या वर्षी आईनं रोपांच्या एका ट्रेमधून एक रोप निवडलं. सगळ्यात देखणं नव्हतं, उंचही नव्हतं. देठावर अंगठा चोळून ती बोट हुंगत बसली होती म्हणे, आणि पापाला म्हणाली, "बाकीची कुणाला दे, हे मी ठेवणार." तेव्हापासून त्या झाडाचं बी कधी धरलंच नाही, नुसती कलमं. असं राखलेलं झाड म्हणजे आई, असं इथले लोक म्हणतात. तिला फुलू द्यायचं नाही. दिव्याचा दिवस कायम लांब ठेवायचा, म्हणजे बाहेर कितीही बर्फ पडो, तिच्यासाठी उन्हाळा संपतच नाही. म्हातारी झाली की तिचंच कलम तिच्या जागी. झाड तेच. माझ्याच वयाचं.

त्याच्या देठाला चोळलं की संत्र्याच्या सालीचा आणि ओल्या देवदाराच्या लाकडाचा वास येतो. माझ्या लेखी तो झाडाचा वास नव्हेच. तो आईच्या बोटांचा वास. माझी वेणी घालताना, ताप बघायला कपाळावर हात ठेवताना, पिराहीचं, म्हणजे सारण भरलेल्या पावांचं, पीठ मळताना, हाताला साबण कितीही लावला तरी खाली तो असायचाच.

आईला जाऊन चार वर्षं झाली. तिच्या डोक्याच्या रुमालाचा वास पहिल्याच हिवाळ्यात गेला. मी तो डब्यात बंद करून ठेवला होता, तरी गेला. वास उरला तो त्या झाडाच्या देठात.

आता कायदा बदललाय. घरटी चार झाडं लावा, कुणी काही बोलत नाही. खोऱ्यातल्या घरांना पुन्हा तळघरं आली. पण गुडघे गेले म्हणून पापानं घर विकलं आणि गावातल्या फ्लॅटमध्ये राहायला आला, तिथे झाडाला जागा नाही. म्हणून नोव्हेंबरात ते आमच्याकडे आणलं. झाड गोधडीत गुंडाळून, पट्टा लावून पुढच्या सीटवर, आणि पापा मागे ग्रूशाजवळ. तिला म्हणाला, "तू रडलीस तरी चालेल. तिला थंडी लागली तर मात्र काही खरं नाही."

एरवी अशा आई-झाडाची दोनचार कलमं ओळखीपाळखीत ठेवलेली असतात, एकीला काही झालं तर दुसरी. आमची दुसरी होती पापाचा जुना दोस्त लॉर्न याच्याकडे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे कोळीकीड शिरली आणि त्यानं सगळी झाडं उपटून जाळली. आमची जाळायच्या आधी फोन करून रडला होता. म्हणजे आता जगात ही एकच.

जुना सोडियमचा दिवा मी घरात येऊ दिला नाही. तो तापतो, आणि घरात लवकरच रांगू लागेल अशी पोर. माझ्या नवऱ्यानं, कॉलिननं, नवा एलईडी दिवा आणला, पातळ, पांढरा, आवाज न करणारा. पापा त्याच्याकडे बघत राहिला.

"घरघरत नाही?"

"नाही पापा."

"मग चालू आहे हे कळतं कसं?"

"पेटलेला दिसतो की."

"हं," म्हणाला. शेंड्याजवळ हात धरला, कडवं म्हटलं. हात तसाच. एक कडी खाली. पुन्हा कडवं, पुन्हा एक कडी. शेवटी दिवा शेंड्यापासून वीतभर अंतरावर आला तेव्हा म्हणाला, "आता जरा ऊब जाणवतेय. तुझ्या नवऱ्याचा दिवा दुबळा आहे, पण चालेल."

ख्रिसमसनंतर शेंडे फिके पडू लागले.

पापा रोज दुपारी यायचा. बोर्श्टचा, बीट-कोबीच्या सूपचा, डबा ओट्यावर ठेवायचा, बूट काढायचा, आणि ग्रूशाला भेटायच्याही आधी तळघरात जायचा. खालून मला हाक यायची, "दुन्या, भिंग आण."

पानं वाचायला मला त्यानंच शिकवलंय. झाडाला भूक लागली, तर ते म्हाताऱ्या पानांतलं काढून कोवळ्या पानांना देतं. म्हणून भुकेचं पिवळेपण खालून वर चढतं. शेंडा हिरवागार आणि तळ पिवळा, म्हणजे खत घाला. "आईसारखं," तो म्हणायचा, "स्वतः वाळते, पोरांना खायला घालते." लोहाचं तसं नाही. ते एका पानात गेलं की तिथंच बसतं, म्हणून ते कमी पडलं की नवी पानं आधी फिकी होतात, आणि त्यात शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, जाळीसारख्या.

आमच्या झाडाची खालची पानं गडद हिरवी होती. फिके होते फक्त शेंडे.

"लोह," पापानं निदान केलं. "लोह मातीत असणार, पण तुमच्या नळाचं पाणी ते मुळांना घेऊ देत नाही. चुना आहे त्यात."

मग आमच्या जुन्या घरामागच्या ओढ्याचं पाणी कॅनमध्ये भरून यायला लागलं. नव्या मालकाला पापानं काय सांगितलं कोण जाणे. आठवडाभर ओढ्याचं पाणी दिलं. शेंडे आणखी फिके झाले, आता लोण्यासारखे. पानांच्या कडा वर वळल्या, होडीसारख्या.

"शिरा," पापा भिंगातून बघत पुटपुटला. "शिरा हिरव्या राहायला हव्या होत्या. याच्या शिराही गेल्या."

त्यानं लॉर्नला बोलावलं. लॉर्न आला, टोपीवरचं बर्फ माझ्या जिन्यात झटकलं आणि झाडाभोवती प्रदक्षिणा घातली.

"उपाशी ठेवलंयस तिला."

"खालची पानं बघ की, आंधळ्या! उपाशी बाई अशी दिसते?"

"मग पाणी पाजून मारतोयस."

"बोट घालून बघ मातीत. कोरडी आहे."

"मग मॅग्नेशियम."

"तुला चाळीस वर्षं सगळं मॅग्नेशियमच दिसतं. तुझी बायको सोडून गेली तेव्हाही तू मॅग्नेशियमच म्हणाला असशील."

"ती मॅग्नेशियममुळेच थांबली होती, जितकी थांबली तितकी."

हसले दोघं, पण वर येताना कुणी हसत नव्हतं. मॅग्नेशियमसाठी एप्सम मीठही घालून झालं. काही झालं नाही. मग पापानं थोडं खतही घातलं, अगदी थोडं, आणि पानांची टोकं तपकिरी होऊन करपली. कलमं घ्यायचा प्रयत्न केला, मुळं फुटवायच्या स्पंजासारख्या ओल्या घनात खोचून वर काचेचं झाकण घातलं. मुळं फुटली नाहीत. फिक्या शेंड्यात मूळ धरायची ताकद कुठली?

जानेवारी संपता संपता एकदा मी एकटीच खाली गेले, देठावर अंगठा चोळला आणि हुंगला. नुसतं गवत. कापलेल्या लॉनचा वास. मी पुन्हा चोळलं, जरा जोरात. गवतच. वर ग्रूशा रडत होती आणि मी तळघरात अंगठा नाकाशी धरून उभी होते. हे पापाला सांगितलं नाही. पण त्यानंही चोळून बघितलंच असणार. कारण त्या आठवड्यात तो बोर्श्टमध्ये शेपू घालायला दोनदा विसरला.

लहान मूल घरात असलं की दिवसाचे तुकडे होतात. हातात घेतलेलं काम कुठल्या तुकड्यात राहिलं ते आठवत नाही. फेब्रुवारीत ग्रूशाचा एक मोजा हरवला, पांढरा, आईनं विणलेल्यांपैकी. माझ्यासाठी विणलेले होते ते, तिनं जपून ठेवलेले. मी सोफ्याखाली बघितलं, मशिनमध्ये बघितलं, कॉलिनवर चिडले. मग तो विषय त्या दिवसाच्या तुकड्यात राहून गेला.

एका दुपारी पापा यायच्या आधी पाणी घालायला खाली गेले. दिव्याच्या वर मी पण एक दोरी बांधली होती. खरं तर हा दिवा काही वाळवत नाही, त्याला ऊबच नाही. तरी बांधली होती. तशी खोली म्हटलं की दोरी हवी, इतकंच. दोरीवर ग्रूशाच्या मोज्यांतला एकच होता. दुसरा कधीतरी निसटून झाडावर पडला होता, मागच्या बाजूच्या एका शेंड्यावर टोपी घातल्यासारखा बसला होता.

मी तो उचलला आणि हातात धरून तशीच उभी राहिले.

मोज्याखालचा शेंडा हिरवा होता. कोवळा, चमकदार, कडा सरळ. मोजा पडल्यावर त्याच्याखाली फुटलेली दोन पानं, आणि दोन्ही अगदी निरोगी. त्याच फांदीचा शेजारचा शेंडा कागदासारखा पांढरा. माती एकच, पाणी एकच, खत एकच. मूळही एकच.

मग मी डोळे मोठे करून सगळं झाड नव्यानं बघितलं, आणि जे इतके दिवस समोर होतं ते दिसलं. वरच्या एका फिक्या पानावर दुसऱ्या पानाचा आकार हिरवा उमटला होता. पाच बोटांची सावली. वरचं पान जिथं आडवं आलं होतं, तेवढ्या भागात खालचं वाचलं होतं.

पापा आला. मी त्याला बूटही काढू दिले नाहीत.

"खाली चल आधी."

"गेली?" त्याचा चेहरा उतरला.

"नाही रे. चल तर."

त्यानं मोजा बघितला, शेंडा बघितला. भिंगातून हिरव्या सावलीचा आकार बघितला. बराच वेळ.

"उजेड," मी म्हणाले. "दिवा फार खाली आहे पापा. उजेडानं रंग उडतोय तिचा."

"छे." त्यानं शेंड्याशी हात धरला, मागची बाजू वर. कडवं म्हटलं, सगळं. हात हलला नाही. "बघ. काही नाही. गार आहे."

"गार आहे म्हणून उजेड कमी आहे असं थोडंच आहे? जुना दिवा आधी तापायचा, म्हणून हाताला कळायचं. हा तापतच नाही. हा हाताशी बोलत नाही."

"हाताशी बोलत नाही," त्यानं पुन्हा म्हटलं. हात अजून दिव्याखालीच होता. पांढऱ्या उजेडात त्याच्यावरचे डाग, शिरा, वाकडी झालेली करंगळी, सगळं स्पष्ट दिसत होतं. "म्हणजे मीच भाजत होतो तिला. रोज येऊन, गाणं म्हणून."

"तू नाही. दिवा बदलला."

"तुझ्या आईनं शिकवलेली रीत आहे ही."

"आईनं त्या दिव्यासाठी शिकवली होती. आई असती तर तिनं हाच मोजा उचलला असता आणि तुला म्हणाली असती..."

"वास्या, बस चुकली तुझी," पापा म्हणाला आणि एकदम हसला, आणि मग त्याला चष्मा पुसावा लागला.

दिवा आम्ही साखळीच्या सगळ्यात वरच्या कडीला अडकवला. तरी तो समाधानी नव्हता. "पण बरोबर किती, हे कळणार कसं?"

"नवीन पान सांगेल. तूच तर शिकवलंस."

"मग मी इथे येऊन करायचं काय? हात खिशात घालून?"

"गायला कुणी नको म्हटलंय?"

त्यानं माझ्याकडे रागानं बघितलं, आईच्या वेळी बघायचा तसाच.

फिकी पानं पुन्हा हिरवी होत नाहीत. ती तशीच राहिली. आम्ही ती तोडली नाहीत, खालून फुटणाऱ्या कोंबांना त्यांची सावली हवी म्हणून. लॉर्न फोन करून रोज विचारायचा, "मॅग्नेशियम दिलंत का?" आणि पापा रोज सांगायचा, "मोजा दिला." छपरांवरचं बर्फ दुपारी धप्पकन घसरून पडू लागलं होतं आणि ग्रूशा प्रत्येक वेळी दचकून माझ्याकडे बघायची, की हे तू केलंस का. ती आता रांगत सुटली होती, तळघराच्या दाराशी येऊन तिथंच बसायची आणि आत गेलेल्या देदाला, म्हणजे आजोबाला, हाका मारायची. तिच्या भाषेत.

नवी पानं आली ती हिरवी. मग त्यांच्यावरची दोन. पोपटी नव्हे, लोण्यासारखी नव्हे, हिरवी. मार्चमध्ये एका दुपारी पापानं तीन कलमं घेतली, तिरपा काप देऊन, न बोलता. एक इथं राहील, एक लॉर्नकडे जाईल, आणि एक, तो म्हणाला, फ्लॅटच्या कपाटात बसेल, सूट आता कोण घालतं. आठवड्यानं घन उलटा केला तर खालून पांढरी मुळं डोकावत होती. दाढीच्या खुंटांसारखी.

त्या दिवशी मी वर ओट्याशी ग्रूशाला भरवत होते. पापा खालून आला. नेहमी तो सरळ मोरीशी जातो, कोपरापर्यंत साबण लावतो, आणि मगच नातीला उचलतो. ही त्याची जुनी शिस्त. आईपेक्षा कडक. ग्रूशानं त्याला बघितल्याबरोबर दोन्ही हात वर केले आणि खुर्चीतून उसळू लागली.

तो मोरीशी गेला. नळाला हात लावला, पण पाणी सोडलं नाही. उजव्या हाताचा अंगठा नाकाशी धरून तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मी चमचा खाली ठेवला.

"आला?" मी विचारलं.

त्यानं मान डोलावली. पाठमोराच.

"संत्र्याचा?"

"आणि लाकडाचा. ओल्या."

ग्रूशानं टेबलावर थापा मारल्या. ओरडली. त्यानं मागे वळून बघितलं नाही.

"पापा, ती बोलावतेय तुला."

"ऐकलं. थांब," तो म्हणाला. "कडवं संपू दे."

मग मला ऐकू आलं. तो म्हणत होता, तोंडातल्या तोंडात, एकेक अक्षर लांबवत, आई म्हणायची तितक्याच संथपणे. मी ग्रूशाचे हात धरून ठेवले आणि आम्ही दोघी थांबलो. कडवं संपल्यावर त्यानं नळ सोडला.